बरड जमीन, चाळीस वर्षांचा खंड

तुमच्या पायाखालची जमीन बरड आहे. चुनखडीचे दगड वर आलेले, त्यांच्या बेचक्यांत तांबूस माती, कुठे ओंजळभर, कुठे कुदळ बुडेल इतकी. मागे हिमेट्टॉसचा डोंगर, खाली सारोनिक आखाताचं पाणी. जमिनीचं नाव फेल्लेइस, आणि ती ज्यांची आहे त्या गावाचं नाव ऐक्सोनी. अथेन्सहून तुम्ही पहाटे निघालात आणि तीन-साडेतीन तास चाललात. साल इसवी सनापूर्वी ३४५. इथले लोक त्याला आर्खिआसचं वर्ष म्हणतात, कारण वर्ष ज्याच्या नावाने मोजायचं तो अधिकारी यंदा आर्खिआस आहे. (ऐक्सोनी शोधायला आज निघालात तर ग्लिफाडा नावाच्या गजबजलेल्या उपनगरात पोचाल.)

जमिनीवर ऑलिव्हची झाडं आहेत, जुनी आणि आडवीतिडवी वाढलेली. सध्या त्यांचं पीक आन्थिआस नावाचा माणूस घेतो. पण जमीन आन्थिआसची नाही, कुठल्या एका घराण्याचीही नाही. ती ऐक्सोनीकरांची आहे, सगळ्यांची मिळून.

अ‍ॅटिकामध्ये, म्हणजे अथेन्सच्या मुलखात, अशी १३९ गावं आहेत. त्यांना डीम म्हणतात. क्लेइस्थेनीसने इ.स.पू. ५०८च्या सुमारास राज्याची नवी घडी बसवली, तेव्हापासून अथेन्सचा नागरिक व्हायचं म्हणजे आधी एखाद्या डीमच्या पटावर चढायचं. अठराव्या वर्षी गाव मुलाची पारख करतं, मत देतं आणि मग त्याचं नाव लिहिलं जातं. प्रत्येक गावाला देमार्ख नावाचा एक प्रमुख असतो. खजिनदार असतात, देवळं असतात, सभा असते. आणि पुष्कळांकडे सामाईक जमीन असते. गाव ती स्वतः कसत नाही, खंडाने देतं. त्या पैशातून देवांचे बळी, उत्सव, गावची कामं चालतात.

आज सभा आहे. तुम्ही मागे कडेला बसा. परक्याला हात वर करायचा अधिकार नाही. इथल्या बायकांनाही नाही, आणि फेल्लेइसमध्ये ज्यांचे हात खणणार आहेत त्या गुलामांना तर नाहीच. समोर दोन माणसं उभी आहेत: आउतेआसचा मुलगा आउतोक्लीस, आणि आउतोक्लीसचा मुलगा आउतेआस. बापलेकच हे, नातवाला आजोबांचं नाव द्यायची रीत इथेही आहे. त्यांना फेल्लेइस हवी आहे, चाळीस वर्षांसाठी. खंड वर्षाला १५२ द्राख्मा. जमिनीत नवी लागवड करा, नाहीतर दुसरं काय हवं ते करा, मोकळीक आहे.

आकड्यांचा अंदाज यायला एक माप घ्या. १६ वर्षांनी, म्हणजे ३२९ साली, एलेउसिसच्या देवळाच्या बांधकामाचे हिशेब दगडावर कोरले जातील. त्यांत साध्या मजुराची दिवसाची मजुरी दीड द्राख्मा आहे. म्हणजे हा वर्षाचा खंड एका मजुराच्या शंभर दिवसांच्या कमाईएवढा. बरड जमिनीसाठी कमी नाही, पण घर बुडावं इतका जबरही नाही.

चाळीस वर्षं का, हे तुम्हाला त्या दोघांकडे बघूनच कळेल. दहा वर्षांच्या खंडावर माणूस धान्य पेरेल, झाड लावणार नाही. ऑलिव्हला नीट फळ धरायलाच कितीतरी वर्षं जातात. बापाने लावायचं आणि मुलाने तोडायचं असं हे पीक. म्हणून करारात दोघांची नावं आहेत.

आता अटी वाचल्या जातात. कान देऊन ऐका.

खंड हेकाटोम्बायोन महिन्यात भरायचा. तो इथल्या वर्षाचा पहिला महिना, भर उन्हाळ्याचा. खळी उरकलेली असतात, धान्य घरात आलेलं असतं, तेव्हाच मागितलं तर देणं शक्य होतं. नाही भरला तर गाव जमिनीवरचं पीकही जप्त करेल आणि थकवणाऱ्याची बाकी मालमत्ताही. शहराने युद्धपट्टी बसवली तर ती गाव भरेल. खंडकऱ्यांना भरावी लागली तर खंडातून वळती होईल. खणून निघालेली माती कुणीही बाहेर न्यायची नाही, ती याच जमिनीत टाकायची.

मातीच्या या कलमापाशी थोडं थांबा. प्लेटोला जाऊन दोन-तीन वर्षंच झाली आहेत. त्याने ‘क्रिटिआस’मध्ये अ‍ॅटिकाची माती डोंगरांवरून वाहून समुद्रात गेल्याबद्दल आणि मागे उरलेल्या खडकाबद्दल लिहून ठेवलं आहे. ऐक्सोनीच्या सभेत बसलेल्यांपैकी ते किती जणांनी ऐकलं असेल कोण जाणे. त्यांना ते ऐकायची गरजही नाही. त्यांच्या पायाखालीच ते घडलंय. इथे मातीची टोपली म्हणजे जमिनीचा तुकडा, आणि तो गावाच्या मालकीचा आहे.

मग येतं शत्रूचं कलम. शत्रूने खंडकऱ्यांना जमिनीवरून हाकललं किंवा काही उद्ध्वस्त केलं, तर ठरीव खंड नाही. जे काही पिकलं असेल त्यातलं अर्धं गावाचं. सभेत कुणी भुवई उंचावत नाही. आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात, मॅसिडोनियाचा फिलिप थर्मोपिलीपाशी पोचल्याची बातमी आली, तेव्हा अथेन्सने खेड्यापाड्यांतली बायकामुलं तटबंदीच्या आत आणायचा ठराव केला होता. त्याआधी स्पार्टाच्या फौजांनी या मुलखातली पिकं आणि बागा तुडवल्या, त्या आठवणी तर घराघरांत आहेत. चाळीस वर्षांत एकदाही युद्ध येणार नाही, असं इथे कुणी धरून चालत नाही. आलं तर तोटा कुणाच्या गळ्यात, हे आत्ताच, शांतपणे ठरवून ठेवायचं. दोघांच्या गळ्यात, अर्धा अर्धा.

पण माझ्या मते या करारातलं सगळ्यांत मोठं कलम वेगळंच आहे, आणि ते गावावरच आहे. चाळीस वर्षं पुरी होईपर्यंत ऐक्सोनीकरांनी ही जमीन विकायची नाही, दुसऱ्या कुणाला खंडानेही द्यायची नाही. एवढंच नाही. जो कुणी या काळात सभेत कराराविरुद्ध सूचना मांडेल, किंवा जो ती मताला टाकेल, त्याच्यावर खंडकरी नुकसानभरपाईचा दावा लावू शकतील. गावावर नाही, त्या माणसावर.

याचं वजन कळायला याच वर्षात जरा इकडेतिकडे फिरावं लागेल. आर्खिआसचं हे वर्ष साधं नाही. अथेन्सने ठराव केलाय की सगळ्या गावांनी आपापले पट तपासायचे, एकेका माणसावर मत घ्यायचं, आणि जो खरा नागरिक नसेल त्याला काढून टाकायचं. याच किनाऱ्यावर, शहराच्या अधिक जवळ, हालिमूस नावाचं गाव आहे. त्याची सभा शहरात भरली. ७३ जणांनी शपथ घेतली. दिवसभर भाषणं झाली, मतदान उशिरा सुरू झालं. गाव शहरापासून ३५ स्टेडिआ, म्हणजे सहा-सात किलोमीटर लांब, म्हणून म्हातारे एकेक करत शेतांकडे निघून गेले. युक्सिथिओस नावाच्या माणसाचं नाव पुकारलं तेव्हा अंधार पडला होता आणि तीसहून जास्त माणसं उरली नव्हती. मतं मात्र साठाहून जास्त निघाली. युक्सिथिओस पटावरून गेला, आणि दाद मागायला न्यायालयात उभा राहिला. त्याचं भाषण वक्ता डेमॉस्थेनीसने लिहून दिलं, ते आजही वाचता येतं. त्यात तो सांगतो की गावात आपल्याला वैरी का झाले: तो स्वतः देमार्ख असताना त्याने देवस्थानच्या जमिनींचा थकलेला खंड वसूल केला होता. थकबाकीदार गावातलेच होते, आणि मतदारही तेच.

आता परत ऐक्सोनीच्या सभेत या. सभा म्हणजे काय चीज आहे, हे इथल्या प्रत्येकाला पुरतं ठाऊक आहे. आज हात वर करणारे हेच शेजारी आणखी दहा वर्षांनी, झाडं फळाला आली की, दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून उलटा हात वर करू शकतात. ज्याने खडकात खड्डे खणून रोपं लावली, त्याच्याकडे तेव्हा काय उरेल? म्हणून गावाने आपल्याच उद्याच्या सभेचे हात बांधून घेतले. लोकांच्या राज्यात बहुमताने स्वतःच्या बहुमतावर घातलेला हा लगाम मला अथेन्सच्या गाजलेल्या भाषणांइतकाच मोलाचा वाटतो.

करार दोन दगडांवर कोरायचा. त्याची जबाबदारी या वर्षीच्या खजिनदारांवर आहे. त्यांच्या देमार्खाचं नावही डेमॉस्थेनीसच आहे, पण तो वक्ता नव्हे. वक्ता पाइआनिआ गावचा. एक दगड हेबीच्या देवळात आत उभा राहील, दुसरा चावडीवर. देवीच्या साक्षीने एक, आणि बसल्या-उठल्या दिसेल असा एक. शिवाय जमिनीवर हद्दीचे दगड, तीन फुटांपेक्षा ठेंगणे नकोत, प्रत्येक बाजूला दोन.

सभा संपली असं वाटून तुम्ही उठाल, पण थांबा. स्काओनचा मुलगा एतेओक्लीस बोलायला उभा राहिलाय. त्याची सूचना त्या जुन्या ऑलिव्हबद्दल आहे.

खंडकरी बापलेकांनी गावाला ती झाडं तोडू द्यायला मान्यता दिली आहे. एतेओक्लीस म्हणतो, माणसं निवडा. त्यांनी देमार्ख, खजिनदार आणि खंडकरी यांच्यासोबत बसून, जो जास्तीत जास्त बोली देईल त्याला झाडं विकावीत. येणारी रक्कम गाव व्याजाने लावेल. दर नेहमीचा, महिन्याला शेकडा एक द्राख्मा. व्याज गावाचं. पण झाडं गेली म्हणजे खंडकऱ्याचं पीकही घटलं, म्हणून त्या व्याजाच्या निम्म्याइतकी रक्कम दर वर्षीच्या खंडातून कमी करायची आणि दगडावर तो घटवलेला आकडा कोरायचा. समजा झाडांचे १०० द्राख्मा आले. वर्षाचं व्याज झालं १२. त्यातले ६ खंडातून उतरतील, १५२चे १४६ होतील. गावाकडे मुद्दल राहिली, वर ६ द्राख्माही राहिले. खंडकऱ्याला चाळीस वर्षं दरसाल सूट मिळाली. घाईघाईत ‘झाडांचे पैसे अर्धे तुमचे, अर्धे आमचे’ म्हणून मोकळं होता आलं असतं. त्यात मुद्दल एका वर्षात दोन घरांत जिरून गेली असती.

आणि आन्थिआस? त्याला कुणी विसरलेलं नाही. विकत घेणाऱ्याने झाडांना कुऱ्हाड लावायची ती आन्थिआसने पुढच्या वर्षीचं आपलं पीक काढून घेतल्यावर, आणि नांगरटीच्या आधी. जाणाऱ्या माणसाच्या शेवटच्या फळापर्यंत थांबायचं, येणाऱ्या माणसाच्या पहिल्या तासाआधी काम उरकायचं. त्या दोहोंमधली फट शरद ऋतूतल्या थोड्या दिवसांची, आणि ठराव नेमका तिच्यात बसवलाय.

झाडं मुळापासून उपटायची नाहीत. आळ्यात निदान चार बोटं उंचीचा खुंट ठेवायचा, म्हणजे या वर्षांत ऑलिव्ह पुन्हा होतील तितके सुंदर आणि मोठे होतील. ‘सुंदर’ हा शब्द माझा नाही, ठरावातला आहे. खंडाच्या व्यवहारी कागदात तो सहज येऊन बसलाय. ऑलिव्हचं झाड बुंध्यातून पुन्हा धुमारे फोडतं, हे इथल्या पोरासोरांना माहीत आहे. म्हातारं खोड लाकूड म्हणून विकायचं आणि मुळं गावासाठी राखायची. ऑलिव्ह उखडण्यावर अथेन्समध्ये कायदाच आहे: देवस्थानासाठी, मर्तिकासाठी, किंवा स्वतःच्या गरजेपुरती वर्षाला दोन झाडं चालतील, त्यापलीकडे दर झाडामागे १०० द्राख्मा सरकारजमा. तेवढेच आणखी, फिर्याद करणाऱ्याला.

झाडं विकण्यासाठी तिघे निवडले जातात: स्वतः एतेओक्लीस, नाउसोन आणि हाग्नोथिओस. त्यांची नावंही दगडावर जातील. चुकारपणा झाला तर कुणाला विचारायचं, ते चाळीस वर्षं लिहिलेलं राहील.

आता काळ पुढे सरकू द्या. तुम्ही फेल्लेइसच्या बांधावर उभे आहात आणि वर्षं तुमच्या बाजूने जातायत.

३३८: खेरोनिआला अथेन्सचं सैन्य फिलिपपुढे हरतं. ३३०च्या आसपास धान्याची मोठी टंचाई येते. नेहमी पाच द्राख्माला मिळणारं एक मेदिम्नोस धान्य एकदा सोळावर जातं. करार झाला तेव्हाच्या १५२ द्राख्मांत तीस मेदिम्नोस आले असते, या भावाने दहासुद्धा येत नाहीत. खंडकऱ्याच्या घरात धान्य सोन्याच्या भावाचं झालंय आणि गावच्या पेटीत मात्र तोच खंड पडतोय. सभेत कुणाच्या तरी मनात नक्की येत असेल. पण सूचना मांडली की दावा स्वतःवर, हे तो चावडीवर येता-जाता वाचत असतो.

३२२: अलेक्झांडरच्या मृत्यूनंतरचं बंड फसतं. ज्याची मालमत्ता दोन हजार द्राख्मांची नाही, त्याचा नागरिक म्हणून अधिकार काढून घेतला जातो. पिराइअस बंदरावरच्या मुनिखिआ टेकडीवर मॅसिडोनियाची शिबंदी बसते. तुम्ही त्याच सुमारास बंदरात उतरा. टेकडीवर परकी फौज, आणि खाली पिराइअसचं गाव आपल्या देवस्थानच्या जमिनी खंडाने देतंय. इथली मुदत दहा वर्षांची. दहा द्राख्मांच्या वर खंड असेल तर पुरेसं तारण हवं, कमी असेल तर जामीन पुरे. नऊ वर्षं हवं तसं नांगरा. दहाव्या वर्षी फक्त अर्धी जमीन, म्हणजे येणाऱ्याला ठरल्या दिवसापासून उरलेल्या अर्ध्यात काम सुरू करता येईल. राज्य गेलं, शिबंदी आली, तरी पुढच्या खंडकऱ्याचा नांगर अडू नये याची काळजी गेली नाही.

खुद्द अथेन्समध्ये ३०६-०५ साली आणखी एक मजेशीर करार आहे, तोही पाहून घ्या. एग्रेतेस नावाच्या वीराची पूजा करणारी एक मंडळी आहे. ती त्याचं देवस्थान घरासकट दिओग्नेटोस नावाच्या माणसाला दहा वर्षं, वर्षाला २०० द्राख्मांवर देते. त्याने भिंतींना चुना लावायचा, झाडं मेली तर नवी लावायची. आणि बोएद्रोमिओन महिन्यात मंडळी बळी द्यायला येतील तेव्हा देवघर उघडं ठेवायचं, स्वयंपाकघर आणि छपराखालची जागा मोकळी करायची, जेवणाच्या दोन पंगतींपुरते पलंग आणि मेजं मांडून ठेवायची. मुदत संपली की त्याने आपलं लाकूड, कौलं आणि दारं काढून न्यावीत; बाकी कशाला हात लावू नये. ज्याने आणलं ते त्याचं, जे देवाचं ते जागेवर.

परत ऐक्सोनीला या, कारण इकडे मुदत सरत आलीय. शेवटच्या पाच वर्षांसाठी गाव आपला द्राक्षमळेकरी जमिनीत घालतं. तसं करारात लिहिलंच होतं. जाणारा खंडकरी शेवटच्या वर्षांत वेलींकडून ओरबाडून घेतो, छाटणी टाळतो, हे चाळीस वर्षांपूर्वीच ओळखून ठेवलेलं. वेलींवर हात गावाचा, म्हणजे वेली जगतील.

३०५चा उन्हाळा. आउतोक्लीस हयात नसणारच. मुलगा आउतेआस असेल तर म्हातारा झालाय. पुन्हा युद्ध आहे. दोन वर्षांपूर्वी सेनानी डेमेट्रिओसने मॅसिडोनियाच्या कॅसँडरच्या शिबंदीतून शहर सोडवलं, आणि तेव्हापासून कॅसँडर अ‍ॅटिकावर चालून येतोय. शत्रूचं कलम आता नुसतं कलम राहिलेलं नाही. तरीही ठरल्याप्रमाणे जमीन परत द्यायची वेळ आलीय: निम्मी पड ठेवलेली, झाडं असतील तितकी उभी. देमार्खाची माणसं हद्दीचे दगड बघत बांधाने फिरतात, पड जमिनीत काठी खुपसून पाहतात. त्या निम्म्या जमिनीत नव्या माणसाला शरदात लगेच पेरता येईल.

आळ्यांपाशी कुणीतरी थांबतं. चार बोटांच्या खुंटांतून वाढलेले ऑलिव्ह आता चाळिशीचे आहेत, भर फळातले. यंदाचं पीक कुणाचं, यावर आवाज चढतो. मुदत संपली, म्हणजे गावाचं, असं एक जण म्हणतो. दुसरा चावडीवर जाऊन दगड वाचून येतो. धान्याची मुदत युबुलोसच्या, म्हणजे आर्खिआसनंतरच्या अधिकाऱ्याच्या, वर्षापासून आणि झाडांची त्याच्या पुढच्या वर्षापासून, असं कोरलेलं आहे. त्या पहिल्या शरदातले ऑलिव्ह आन्थिआसने काढले होते, म्हणून एका वर्षाचा फरक. यंदाचे आउतेआसच्या घरात जातील.